अंगावरचं तोडायची सहल

वर्षाच्या आतबाहेरची पोरं घेऊन लोक वॉटर पार्कात कशाला जातात, हे मला आजतागायत कुणी पटवून दिलेलं नाही. ज्याला धड उभं राहता येत नाही त्याला घसरगुंडीचं काय कौतुक? वरून ऊन, पाण्याला तो औषधी वास, भोंग्यावर ठणाणा गाणी, आणि आयांच्या काखेला लटकलेली ही इवलीशी बाळं डोळे मिचकावत बसलेली. एक तर ओली बाळंतीण असावी, मे महिन्यात कानाला स्कार्फ बांधून बाकावर बसली होती आणि तिचा नवरा त्या उंच पाइपातून बोंबलत खाली येत होता. मला त्याला चांगलं सुनावावंसं वाटलं. पण मी कोण सुनावणार? आम्हीही चौदा महिन्यांची पोर घेऊनच गेलो होतो, आणि आमचं कारण तर त्या सगळ्यांहून येडपट होतं. आम्ही तिचं अंगावरचं दूध तोडायला गेलो होतो.

नीट सांगते, नाहीतर कुणाची पोर आणि कुणाचं दूध, काही कळायचं नाही.

पोर माझ्या जावेची. माझे धाकटे दीर आणि ती, आम्ही दोघं नवराबायको आणि सासूबाई, असं आमचं कोल्हारला एकत्र घर. माझं माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू. लग्न ठरलं तेव्हा माहेरची माणसं म्हणाली, पोरगी बागायतीत पडली, आता तिला काय कमी नाही. खरंच कमी नाही. ऊस आहे, गोठा आहे, वर दोन खोल्या नव्या बांधल्यात. मूल तेवढं झालं नाही. नगरचे दवाखाने झाले, नाशिकचे झाले, पोटात सुया टोचून झाल्या, उपासतापास झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल मिटली, चष्मा काढला आणि नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. तेव्हा मीच उठून म्हटलं, येते मॅडम. दत्तकाचं काढलं तर सासूबाईंचं एकच, "भायेरचं रगत या घरात न्हाई यायचं." मालक माझ्या बाजूचे, पण आईपुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

मग जाऊ दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिली मुलगी तिला होतीच. सातव्या महिन्यात तिच्या ओटभरणाला सगळी आळी जमलेली, ती हिरव्या साडीत पाटावर बसलेली, आणि एकदम म्हणाली, "ह्ये जे काय व्हईल ते ताईंच्या वटीत घालनार हाय मी." आमच्याकडे ओटीत घालणं म्हणजे कागदबिगद काही नसतो. देवीसमोर तांदूळ-नारळाबरोबर लेकरू दुसरीच्या पदरात ठेवायचं, झालं, ते तिचं. मी आत गेले आणि पिठाच्या डब्याला टेकून रडले. तिला कुणी भरीस घातलं नव्हतं. आपण होऊन बोलली, हे मी आजही कुणालाही सांगेन.

मुलगी झाली. दोन बास म्हणून जावेनं तिथल्या तिथं ऑपरेशन करून घेतलं. बायका कुजबुजल्या, पोरगी झाली म्हणून देतीय, पोरगा असता तर दिला असता का! घ्या, लोकांच्या तोंडाला कोण झाकण लावणार? मला पोरगा नि पोरगी काही नव्हतं. थोरली पुतणी मला मोठी मम्मी म्हणते, त्यातलं ते "मोठी" काढून टाकणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

ठरलं असं होतं, की अंगावर पिते तोवर आईजवळ आणि पिणं तुटलं की माझ्याजवळ. आता ही पोरगी कशाची सोडतेय! जावेनं कोरफडीचा गर लावला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, थुंकली, आईच्याच पदरानं जीभ पुसली आणि परत चिकटली. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तर तो पण चाटून खाल्ला बयेनं. मग जावेला कर्जतला तिच्या माहेरी धाडलं. तर छातीत गाठी होऊन, तापानं फणफणून, दोन दिवसांत बाई एसटीनं परत दारात. पोर दाराकडं जी रांगत सुटली, तिला धरायला तिघंजण लागले. एका घरात राहून आई लपवायची तरी कुठं? पोर वासावर जाते.

त्यातून सासूबाईंनी ही शक्कल काढली. दिरांनी थोरल्या पुतणीला सुट्टीत वॉटर पार्क कबूल केलंच होतं. "समद्येच जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "धाकली दिसभर पान्यात ऱ्हाईल, ल्हानी थोरलीजवळ. एवढ्या गर्दीत आय दिसनारच न्हाई तिला. एक दिस काढला की सुटंल. येताना देवळात वटी भरू आन् रातच्याला थोरलीच्याच कुशीत निजवू." त्यांची थोरली म्हणजे मी, धाकली म्हणजे जाऊ; तर त्या दिवशी संध्याकाळी पोर माझी होणार होती. मला ते इतकं गोड लागलं, की जिथं दर चार पावलांवर एखादी बाई लेकरू पाजत बसलेली असते तिथं आपण पोरीचं पिणं तोडायला चाललोय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कुणाच्याच आलं नाही. जाऊ "व्हय" म्हणाली आणि दशम्या करायला घेतल्या.

गेटवर पहिली गंमत. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, फक्त बाळाचं चालेल, असा नियम. सासूबाईंनी दशम्या आणि ठेच्याची डबी लंगोटांच्या खाली दडपलेली. पहारेकरणीनं पिशवी उचकली. "आजी, हे बाळाचं?" "व्हय तर! दात आलेत तिला," सासूबाई म्हणाल्या, तोंडावरची माशी हलू न देता. ठेचा खाणारं बाळ बघायला ती पोरगी पुढं वाकली. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. मग तिनं मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या काढल्या आणि विचारलं, "बाळाची आई कोण? तिच्यासोबतच पट्टी द्यायची." जाऊ खाली वाकून थोरल्या लेकीच्या चपलेचा पट्टा लावायला लागली. तो लागलेलाच होता. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

आत साड्यांवर पाण्यात सोडत नाहीत. भाड्याचे नायलॉनचे कपडे घ्यावे लागतात, गुडघ्यापर्यंतची विजार आणि वर झबल्यासारखं काहीतरी. सासूबाईंनी ते कपडे दोन बोटांत धरून परत दिले आणि नऊवारीवर झाडाखाली जाऊन बसल्या. आम्ही दोघी जावा मात्र निळ्या नायलॉनमध्ये एकमेकींकडे बघून लाजलो. जाऊ म्हणाली, "ताई, पोरी दिसताव आपन." खरंच पोरगी दिसत होती ती. पण तिनं बाळाकडे बघितलं नाही. म्हणाली, "मी जाते. तिकडं, लाटांच्या पान्यात." आणि गर्दीत शिरली. दीर पुतणीला घेऊन घसरगुंड्यांकडे गेले.

पुढचा तासभर मी कुणाला देणार नाही. बारक्या पोरांसाठी घोट्याएवढं पाणी असलेलं तळं होतं, मध्ये प्लॅस्टिकचा बेडूक, त्याच्या तोंडातून धार. मी पोरीला मांडीत घेऊन पाण्यात फतकल मारली. ती पाण्यावर थापट्या मारायची, पाणी डोळ्यांत उडायचं, दचकायची आणि खिदळायची. बेडकाच्या तोंडात हात घालायची. शेजारी एक शिकलेली बाई होती, बाळाला बोटभर क्रीम फासलेलं. तिनं विचारलं, "किती महिन्यांची तुमची?" मी म्हटलं, "चौदा." "तुमच्यासारखीच दिसते हो," ती म्हणाली. आमचे मालक काठावर विजार दुमडून उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि उगाच मान वळवून दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं आता सगळं, सुटले मी. देवा, एवढं तरी तू केलंस.

मग तिला भूक लागली.

आधी कुरकुर. मी बाटली दिली. तिनं निप्पल चघळलं आणि बाटली पाण्यात भिरकावली. नाचणीची खीर आणली होती, तिचा एक चमचा खाल्ला, दुसरा माझ्या अंगावर. मी तिला खांद्यावर टाकून फिरले, बेडूक दाखवला, कारंजं दाखवलं, नको ती गाणी म्हटली. ती माझ्या खांद्यावरून मागं बघायची. येणाऱ्या प्रत्येक निळ्या कपड्यातल्या बाईकडे हात पसरायची. आणि तिथं सगळ्याच बाया निळ्या कपड्यांत! शेकड्यानं आया, आणि त्यातली एकही तिची नाही. ती बाई जवळ यायची, तोंड दिसायचं, की पोरीचा हात खाली. मग दुसरी. हे बघवत नव्हतं. तरी मी माझ्या मनाला बजावत होते, आजचा दिवस, फक्त आजचा दिवस, संध्याकाळपर्यंत दातावर दात धर.

मालक म्हणाले, "कोमट दूध मिळतंय का बघतो." मिळालं, आणलं, तेही तिनं लाथाडलं. मग ते म्हणाले, "मी जरा येतो," आणि बाजारपेठेसारखी दुकानं होती तिकडे निघून गेले. पुरुषांचं बरं असतं. सासूबाई झाडाखाली पदर तोंडावर घेऊन घोरत होत्या. आता पोर काळीनिळी पडून रडत होती, आवाज बसला होता तिचा. लोक माझ्याकडे बघायला लागले. कसली बाई आहे, पोराला पाजत का नाही, असं.

तिथं बायांना पाजायला एक खोली केलेली होती, दारावर हिरकणी कक्ष अशी पाटी. मी आत शिरले, गर्दीच्या नजरेतून सुटायला म्हणून. पंखा, भिंतीला कडेनं बाक, आणि त्यावर ओळीनं बाया, सगळ्यांच्या मांडीवर पोरं चुटूचुटू पितायत. माझी पोर ते बघून पिसाळली. माझ्या छातीला तोंड घासायला लागली, नायलॉन चावायला लागली. आणि मी काय केलं, तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले, ते झबलं वर केलं आणि तिला छातीशी धरलं.

का केलं विचारू नका. मला वाटलं असेल, माझ्याही अंगाला काहीतरी फुटेल. वेडीच ना मी! पण त्या क्षणी ते खरं वाटत होतं.

तिनं पटकन तोंड लावलं. दोनचार वेळा ओढलं, चांगलं जोर लावून. मग ती थांबली. तोंड काढलं आणि वर माझ्याकडे बघितलं. रडली नाही. नुसतीच बघत राहिली, हुंदके येत होते तेवढेच. शेजारची बाई, बोलण्यावरून जुन्नरकडची असावी, वाकून म्हणाली, "दूध कमी येतंय का ताई? हाळिवाचे लाडू खा. मलापण पहिल्यांदा असंच झालं होतं." मी म्हटलं, "व्हय, कमीच येतं." एवढं म्हणून मी कपडे सारखे केले आणि उठले. तिथं अजून एक मिनिट बसले असते तर हंबरडा फोडला असता.

दार उघडलं, तर दाराबाहेर भिंतीला पाठ लावून जाऊ उभी.

"तू हितं काय करतीस? पान्यात न्हाई गेलीस?" मी विचारलं.

"गेल्ते की," ती म्हणाली.

तिचे केस कोरडे होते, सकाळी तेल लावून चोपून घातलेली वेणी जशीच्या तशी. ती निळी विजार कोरडी ठणठणीत, घडीची इस्त्री पण मोडलेली नव्हती. ओलं होतं ते फक्त छातीवर. दोन ओले डाग पसरत पसरत पार पोटापर्यंत आले होते. त्यांवर तिनं हात आडवे धरले होते, पण ते काय झाकतायत! ती सकाळपासून आमच्या मागं मागंच होती. आम्ही तळ्यात होतो तेव्हा ती कारंज्यामागं, आम्ही खोलीत शिरलो तेव्हा भिंतीमागं. पोर रडली की तिला पान्हा फुटायचा आणि ती तशीच उभी राहायची, तोंडात बोळा कोंबल्यासारखी. दिलेला शब्द पाळत.

मला तिचा राग आला. हो, आला. मनात म्हटलं, बये, तुला एक आहे ना? तू का मरायला उभी राहिलीस इथं? गेली असतीस लाटांत, बुडाली असतीस दिवसभर, चार दिवसांत आटलं असतं तुझं. माझं काय? मला दुसरं कोण देणार आहे? हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, आणि बोलून टाकलं असतं तर ती "चुकलं ताई" म्हणून परत गर्दीत गेलीही असती. तेवढी ती साधी आहे.

पण पोरीनं तिला पाहिलं होतं. तिनं माझ्या कडेवरून अशी झेप टाकली, की मी धरलं असतं तर हात मोडला असता तिचा. मी धरलं नाही. दोघी तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या, जाणारे येणारे बघतायत याचं भान नाही, आणि पोर प्यायला लागली. घटाघटा, मध्येच हुंदका, परत घटाघटा. एक हात आईच्या गळ्यात. मी पिशवीतलं दुपटं आणून दोघींवर टाकलं आणि समोर उकिडवी बसले.

बराच वेळ गेला. मग मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे."

"काय?"

"पोरगी तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे. कायमची."

आणि मी वाट बघितली. मला वाटलं, ती म्हणेल, असं कसं ताई, मी शब्द दिलाय. म्हणेल, अजून थोडं मोठी होऊ द्या, मग देते. नुसतं तोंडदेखलं म्हणाली असती तरी चाललं असतं. मी त्यावर नाहीच म्हटलं असतं, पण तिनं म्हणायला हवं होतं. ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिचे खांदे एकदम सैल झाले, सकाळपासून पहिल्यांदाच.

"बरं," ती म्हणाली.

लोक आता म्हणतात, थोरल्या जावेचं मन मोठं. मन मोठं, डोंबलाचं! मी काही दिलं नाही. माझं असतं तर दिलं म्हणायचं. मला घेता आलं नाही, एवढंच झालं. आणि ते काही अजून सोपं झालेलं नाही. पोर आता अख्खं घरभर पळते, माझ्या हातचं जेवते, मला मोठी मम्मी म्हणते, थोरल्या पुतणीनं शिकवलंय. दूध सोडलं तिनं आपलं आपण, काही महिन्यांनी, कुणाला कळलंसुद्धा नाही. तोवर माझ्याकडे द्यायचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. आताही काढत नाहीत. मीही काढत नाही.

त्या दिवशी सासूबाईंना मात्र सांगावं लागलं. झाडाखाली उठून बसल्या आणि लागल्या जावेला फाडायला, "चारचौघीत बोल्लीस, आता तोंड फिरवतीस व्हय गं?" मी म्हटलं, "आत्याबाई, मी न्हाई म्हनलंय. तिला काय बोलू नका." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. दिरांनी मान खाली घातली आणि सामान उचललं. सगळे गाडीपाशी आलो.

मालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते दुकानांकडून येत होते, लांबूनच हसत. हातात पिशवी. माझ्यापाशी येऊन त्यांनी ती उघडून दाखवली, चालताना पीं पीं वाजतात तसले बारके लाल बूट. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "दुकानवाला म्हनला, कुनाला पाह्यजे? म्हनलं, आमच्या लेकीला." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे. ती जन्मल्यापासून ते तिच्यापुढं स्वतःला कधी काहीच म्हणवून घेत नसत. पप्पा म्हणायची छाती होत नव्हती आणि दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, तिसरं सांगण्यासारखं नव्हतंच.

त्यांनी पिशवीची घडी घालून खिशात ठेवली. बुटांना अडकवलेली चिठ्ठी दातांनी तोडली. मग जावेच्या कडेवर पोर होती तिच्यापाशी गेले, तिचा एक पाय हातात घेतला आणि बूट चढवायला लागले. चढेना. चढला एकदाचा. पोरीनं पाय हलवून बघितला आणि हसली.

"बघ," ते म्हणाले, "काकानी काय आनलंय तुला."